'करविले' आणि 'केले' : वेस्टमोर घराण्याच्या रंगभूषेची एक चिकित्सा

बोलपटाच्या आरंभी पडद्यावर जी श्रेयनामावली येते तिच्याकडे भाषेचा नमुना म्हणून पाहण्याची चाल आपल्याकडे नाही. वस्तुतः ती एक मोठी विलक्षण रचना होय. तीत नामे असतात, क्वचित एखादा प्रत्यय असतो. क्रियापद मात्र नसते. 'रंगभूषा' हा शब्द येतो, त्याखाली एक नाव येते, आणि दोन-तीन क्षणांत दोन्ही विरून जातात. प्रेक्षक मनातल्या मनात त्या दोन नामांमध्ये एक क्रियापद घालून घेतो व पुढे चित्रपट पाहू लागतो. प्रयोजक क्रियापदांचा पाठ चालू असता मी एकदा वर्गातील विद्यार्थ्यांना अशा दहा-बारा पाट्या देऊन त्यांची पूर्ण वाक्ये करावयास सांगितले. सर्वांनी एकमुखाने 'अमुक यांनी रंगभूषा केली' असे लिहिले. 'करविली' असे एकानेही लिहिले नाही. विद्यार्थ्यांची ही चूक आहे असे तेव्हा वाटले नव्हते. वेस्टमोर कुटुंबाविषयीचे ग्रंथ वाचल्यावर मात्र ती चूक केवळ विद्यार्थ्यांची नसून चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांचीही आहे, असे वाटू लागले.

चेहरे रंगविण्याच्या कलेत एका कुटुंबाने तीन-चार पिढ्या घालविल्याचे वेस्टमोर हे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. मूळ पुरुष जॉर्ज वेस्टमोर. याचा जन्म १८७९ साली इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर झाला. धंद्याने हा केशकर्तनकार व टोप बनविणारा. कुटुंबकबिल्यासह अमेरिकेत येऊन, गावोगाव दुकाने थाटीत व मोडीत तो अखेर कॅलिफोर्नियात पोहोचला आणि १९१७ साली सेलिग या चित्रपटसंस्थेत त्याने रंगभूषेचे स्वतंत्र खाते उघडले. चित्रपटसंस्थेतील असे हे पहिलेच खाते, असे मानले जाते. माँट, पर्स व अर्न हे जुळे, वॉली, बड आणि फ्रँक असे त्याचे सहा पुत्र याच धंद्यात शिरले. ('पर्स' हे नाव वाचून मराठी वाचकाला पैशाची पिशवी आठवेल, ते पर्सिव्हल या नावाचे घरगुती रूप आहे.) माँटने रूडॉल्फ व्हॅलेंटिनोचा चेहरा सांभाळला व पुढे १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'ची रंगभूषा केली. पर्स वॉर्नर बंधूंकडे, वॉली पॅरामाऊंटकडे, अर्न प्रथम आर. के. ओ. कडे, व बड युनिव्हर्सलकडे अशी खाती या भावांच्या ताब्यात आली. १९३५ साली सनसेट बुलेवार्डवर 'हाऊस ऑफ वेस्टमोर' हे प्रसाधनगृह निघाले. १९७६ साली धाकट्या फ्रँकने म्युरिएल डेव्हिडसन यांच्या सहकार्याने 'द वेस्टमोर्स ऑफ हॉलिवुड' हा कुटुंबाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखाचा मुख्य आधार व मुख्य वादविषयही तोच ग्रंथ होय.

असे खाते मुळात का लागावे, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडे नट रंगपटात बसून स्वतःच तोंडाला रंग लावी. आरंभीचे पाश्चात्य चित्रपटनटही तेच करीत. परंतु रंगभूमीवरचा चेहरा प्रेक्षकाच्या डोळ्यासाठी रंगविलेला असतो, तर चित्रपटातील चेहरा फितीसाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत वापरली जाणारी फीत तांबड्या रंगास जवळजवळ आंधळी होती. तांबडे ते काळे दिसे, आणि निळे डोळे फिकट पडून निस्तेज भासत. गोऱ्या नटीच्या गालांवरील नैसर्गिक लाली पडद्यावर मळासारखी उमटे. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फीत रूढ झाली, मग रंगीत चित्रपट आले, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्याचे 'लिप्यंतर' नव्याने करावे लागले. शिवाय चित्रपटातील दृश्ये क्रमाने टिपली जात नाहीत. मंगळवारी टिपलेला चेहरा तीन आठवड्यांनी टिपलेल्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. या दोन गरजांतून नटाच्या हातातील कुंचला खातेप्रमुखाच्या हाती गेला. सत्ता जेथे एकवटते तेथे वारसाहक्क उत्पन्न होतो. वेस्टमोरांचा उदय यातच आहे.

या मंडळींना मराठीत 'घराणे' म्हणावे काय? हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. आपल्या संगीतात घराणे म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची धुरा केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी वाहिली; दोघीही शिष्या, कन्या नव्हेत. घराण्याची ओळख गायकीवरून पटते, आडनावावरून नव्हे. डोळे मिटून दोन आलाप ऐकावे आणि 'हे अमुक घराण्याचे' असे म्हणता यावे, ही त्याची कसोटी. वेस्टमोरांच्या बाबतीत ही कसोटी लावून पाहिली तर निराशाच पदरी येते. वॉलीचे काम व बडचे काम पडद्यावर पाहून दोहोंत एकच हात ओळखू येतो, असे म्हणवत नाही. एकच रीत म्हणता येईल अशी गोष्ट सापडते ती सौंदर्यप्रसाधनात: मानवी चेहऱ्यांचे सात आकार कल्पावयाचे, त्यांत लंबगोल हा आदर्श धरावयाचा, आणि उरलेल्या सहांना उजेड-सावलीच्या रंगांनी त्या आदर्शाकडे ओढावयाचे. आज्ञार्थी व्याकरणकाराची रीत ज्यांना परिचित आहे त्यांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. प्रमाणरूप एकच, बाकीची सर्व अपभ्रष्ट! पण ही रीतही पुस्तकांतून, पत्रकांतून व प्रसाधनगृहातून विकली गेली. जी रीत दुकानात विकत मिळते तिला गायकी म्हणता येत नाही.

मग वेस्टमोरांचे घराणेपण कशात? केवळ नावात. आणि येथे एक लक्षणीय उलटापालट दिसते. आपल्याकडे सोनार, सुतार, लोहार, कासार ही धंद्यांची नावे आडनावे बनली. हॉलिवुडमध्ये आडनावच धंद्याचे नाव बनले. निर्मात्याला 'एक वेस्टमोर' हवा असे. तो कोणता, हा प्रश्न दुय्यम होता. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही अर्थपरिवर्तनाची परिचित वाट आहे. परंतु नाव सामान्य झाले की त्याच्यामागील माणूस दिसेनासा होतो, हे या परिवर्तनाचे मोल असते. ते मोल कोणी मोजले, हे पाहण्यापूर्वी वॉलीचे एक काम थोडे बारकाईने पाहावे, कारण 'कर्ता' हा शब्द किती जपून वापरला पाहिजे हे त्यावरून ध्यानी येते.

१९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या चित्रपटात फ्रेडरिक मार्च या नटाचा चेहरा प्रेक्षकांदेखत बदलू लागतो. डोळ्यांखाली काळोख दाटतो, नाकपुड्या रुंदावतात, कपाळावर व गालांवर रेषा उमटतात. आणि मधे कोठेही चित्र तोडलेले नसते. दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी या युक्तीचे रहस्य कित्येक वर्षे कोणास सांगितले नाही. रहस्य असे: हाइडच्या चेहऱ्याचा काही भाग आधीच तांबड्या रंगाने रंगविलेला होता. कॅमेऱ्यापुढे तांबडी काच असेपर्यंत तो रंग त्वचेत मिसळून अदृश्य राही; काच हळूहळू बदलली की तोच रंग काळा होऊन वर येई. कृष्णधवल फितीवर काचेचा पालट दिसत नाही, चेहऱ्याचा मात्र दिसतो. कॅमेरा कार्ल स्ट्रस यांचा होता, आणि १९२५ च्या 'बेन-हर'मध्ये कुष्ठरोगी बरे होण्याच्या प्रसंगी त्यांनी हीच युक्ती वापरलेली होती. तेव्हा हे रूपांतर कोणी केले? रंग वॉलीचा, काच स्ट्रसची, कल्पना व धाडस मामूलियनचे, आणि स्नायू मार्चचे. अभिनयाचे अकादमी पारितोषिक मार्चला मिळाले, तेही वॉलेस बीरीसह विभागून. या क्रियेला एकच कर्ता देणे म्हणजे इतर तिघांना करण, म्हणजे साधन, करणे होय. मराठीचा तृतीयेचा प्रत्यय या बाबतीत फारच उदार आहे. 'रामाने लिहिले' आणि 'लेखणीने लिहिले' या दोन्ही वाक्यांत 'ने' तोच. पण राम कोण आणि लेखणी कोण हे प्रत्यय सांगत नाही, जग सांगते. श्रेयनामावलीच्या वाचकापाशी ते जग नसते.

आता फ्रँकच्या ग्रंथाकडे वळू. त्याचे गुण आधी सांगितले पाहिजेत. कुटुंबाचे गुणगान करण्यासाठी लिहिलेल्या चरित्रांचा गुळचटपणा यात नाही. पित्याने मुलांत लावलेली चुरस, पुत्रांची कीर्ती आपल्याहून वाढली म्हणून त्याला वाटलेला सल, १९३१ साली विषप्राशन करून त्याने केलेली आत्महत्या, अर्नचे मद्यपान, भावाभावांतील वैरे, एकामागून एक मोडलेले विवाह हे सर्व फ्रँक लपवीत नाही. तो सर्वांत धाकटा. जन्म १९२३ चा. थोरले भाऊ त्याला अर्धे भाऊ व अर्धे दंतकथा असेच भेटले. धाकट्याच्या डोळ्यांतील कौतुक आणि त्याच्या मनातील जुनी दुखणी या दोहोंचे मिश्रण हाच या ग्रंथाचा रस आहे. शिवाय मुखपृष्ठावर सहलेखिकेचे नाव उघडपणे दिलेले आहे. आठवणी एकाच्या, लेखणी दुसऱ्याची, असा व्यवहार झाकून ठेवण्याचीच प्रथा जेथे अधिक, तेथे ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

परंतु ग्रंथाची मांडणी वंशावळीची आहे, आणि तिचा दोष तेथेच आहे. वंशावळीत प्रत्येक पराक्रमाला एक पुत्र लागतो. ज्याचे नाव वंशात नाही तो ओघाने येतो, साहाय्यक म्हणून येतो, किंवा प्रतिस्पर्धी म्हणून येतो. लेखकाचा हेतू कितीही प्रांजळ असो, हा आकृतिबंध आपले काम करीतच राहतो. आपल्या बखरी वाचणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. बखरकार खोटे बोलतो असे नव्हे. त्याच्या वाक्याचे उद्देश्यच आधी ठरून गेलेले असते.

युनिव्हर्सलची हकीकत यावर चांगला प्रकाश टाकते. त्या संस्थेत जॅक पिअर्स हा ग्रीक वंशाचा रंगभूषाकार सुमारे दोन दशके होता. १९३१ चा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, १९३२ ची ममी, १९४१ चा लांडगामानव ही त्याची निर्मिती. कापूस व कोलोडियन यांचे थर रोज नव्याने चढविण्यात तो तासन्‌तास घालवी. १९४६ साली संस्थेचे विलीनीकरण झाले, फेसाळ रबराचे आयते मुखवटे घडविण्याची झटपट रीत आली, आणि लौकरच पिअर्सला निरोप मिळून त्याच्या जागी बड वेस्टमोर आला. पिअर्सने मागे घराणे ठेवले नाही. त्याने मागे चेहरे ठेवले. आजही पोरेबाळे राक्षसाचे चित्र काढतात ते त्याच्याच राक्षसाचे.

बडच्या खात्यातून निघालेले सर्वांत स्मरणीय रूप म्हणजे १९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मधील मत्स्यमानव. पडद्यावर रंगभूषेचे श्रेय बडला आहे. त्या प्राण्याची आकृती मात्र मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखाटली होती. हिने पूर्वी डिस्नेच्या व्यंगपटसंस्थेत काम केलेले होते. मस्तकाचे शिल्प ख्रिस म्यूलरने घडविले, अंगचा पोशाख जॅक केव्हनच्या हाताखाली तयार झाला, आणि तो घालून जमिनीवर बेन चॅपमन तर पाण्याखाली रिकू ब्राउनिंग असे दोघे वावरले. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी संस्थेने मिलिसेंटला अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडण्याचे ठरविले, व प्रथम तिची ओळख त्या प्राण्याची निर्माती अशीच करून देण्याचे योजिले. बडला हे रुचले नाही. मॅलरी ओमेरा यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द लेडी फ्रॉम द ब्लॅक लगून' या ग्रंथात, संस्थेच्या कागदपत्रांच्या आधारे, पुढची हकीकत दिली आहे. बडच्या हरकतीमुळे जाहिरातीतील शब्द बदलण्यात आले. 'घडविणारी' सुंदरी ही 'सोबत राहणारी' सुंदरी झाली. दौरा यशस्वी झाला. ती परत आली तेव्हा त्या खात्यात तिला पुन्हा काम मिळाले नाही.

एका क्रियापदाच्या बदलाने एका स्त्रीची उपजीविका जावी, याहून भाषेच्या अभ्यासकाला आणखी काय हवे? 'घडविणे' हे सकर्मक. त्याला कर्ता लागतो व कर्म लागते. 'राहणे' अकर्मक, त्यात कोणाचे काहीच घडत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने व्याकरण कधी उघडूनही पाहिले नसेल, परंतु कोणता शब्द काढला म्हणजे हक्क नाहीसा होतो हे त्याला नेमके ठाऊक होते. आणि आणखी एक तपशील. वेस्टमोर हे नाव चार पिढ्या जसेच्या तसे राहिले. मिलिसेंटचे नाव मात्र आयुष्यात वारंवार बदलले. जन्माने ती मिल्ड्रेड रॉसी. 'पॅट्रिक' हा फिट्झपॅट्रिक या पतीच्या आडनावाचा तुकडा. नाव टिकले की श्रेय साठत जाते. नाव बदलले की प्रत्येक वेळी खाते शून्यापासून उघडावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत हे अपघाताने होत नाही.

बडची बाजू घेणारा येथे म्हणेल की ही तर त्या काळची प्रथाच होती. खातेप्रमुखाचे नाव त्याच्या खात्यातील प्रत्येक चित्रपटावर पडे. एम. जी. एम. संस्थेतील कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्सचे नाव करारानुसार हजाराहून अधिक चित्रपटांवर आले. त्या सर्वांचे आराखडे त्याने काढले असे कोणीही समजत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न बडच्या स्वभावाचा नसून पाटीच्या व्याकरणाचा आहे. संस्कृत व्याकरणकारांनी प्रत्यक्ष क्रिया करणारा व त्याला क्रियेस प्रवृत्त करणारा यांत भेद केला. मराठीने तो क्रियापदाच्या रूपात जपला: करणे आणि करविणे. आणि करविणारा आला की तिसरी एक जागा वाक्यात आपोआप निर्माण होते, ती 'कडून' या शब्दयोगी अव्ययाची. बडने प्राण्याचे रूप करविले; कोणाकडून? हा प्रश्न 'करविले' या क्रियापदातच दडलेला आहे. 'केले' म्हटले की तो प्रश्नच उरत नाही. आणि क्रियापदच नसले की दोहोंपैकी सोयीचा अर्थ वाचकानेच घ्यावा, अशी व्यवस्था होते.

या संदर्भात श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या लेखाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते व आपल्यापैकी प्रत्येकाने तो विद्यार्थिदशेत घोकलेला असतो. त्यातील क्रियापद 'करवियलें' हे आहे, प्रयोजक आहे. चावुण्डराजाने ती विशाल मूर्ती करविली, गंगराजाने भोवतालचे आवार करविले. ज्यांच्याकडून करविले त्या शिल्पकारांची नावे तेथे नाहीत, हे खरेच. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्यास आपण फार उशिरा आलो आहोत. परंतु तो लेख 'केलें' असे म्हणत नाही. करविणाऱ्याने छिन्नी धरल्याचा आव तो आणीत नाही. 'कडून'ची जागा रिकामी आहे, पण जागा आहे. हॉलिवुडच्या पाटीत ती जागादेखील नाही.

मात्र एवढ्यावरून वेस्टमोर बंधूंना लुटारू ठरविणे अन्यायाचे होईल. रंगभूषेला अकादमीचे नियमित पारितोषिक १९८१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्यापूर्वी १९६४ च्या चित्रपटाबद्दल विल्यम टटल यांस व १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'बद्दल जॉन चेंबर्स यांस विशेष गौरव मिळाले, इतकेच. तोवर फ्रँक सोडून बाकीचे पाचही भाऊ जग सोडून गेलेले होते. नटाला पारितोषिक, दिग्दर्शकाला पारितोषिक, आणि ज्याच्या रंगाने नट वृद्ध झाला त्याला काही नाही, अशा व्यवस्थेत पडद्यावरची पाटी हीच त्यांची एकमेव मिळकत होती. न्हाव्याचा पोर म्हणून ज्यांची हेटाळणी होऊ शकली असती त्यांनी आपले नाव दुकानाच्या फळीवर, पुस्तकांवर, डब्यांवर व पडद्यावर लिहून ठेवले. ही धडपड समजण्यासारखी आहे. दुःख एवढेच की स्वतःच्या नावासाठी झगडणाऱ्याच्या हातूनच दुसऱ्याचे नाव पुसले गेले.

पुढच्या पिढीची कथा वंशावळीच्या आणखी विरुद्ध जाते. माँटचा मुलगा मायकेल १९६१ साली युनिव्हर्सलमध्ये, चुलत्याच्याच खात्यात, उमेदवारीला लागला. नावामुळे दार उघडले असेल. परंतु फेसाळ रबराचे, साच्याचे व जोड-अवयवांचे शिक्षण त्याला जॉन चेंबर्स यांच्या हाताखाली मिळाले. चेंबर्स यांनी ही विद्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम नाक, कान बनविताना साध्य केली होती. म्हणजे ज्या पिढीच्या कामात घराण्याचे तेज सर्वांत अधिक दिसते, ती पिढी परक्याची शिष्य आहे. मायकेलला १९८५ च्या 'मास्क' या चित्रपटासाठी झोल्टान एलेक यांच्यासह अकादमी पारितोषिक मिळाले, आणि १९८७ ते २००५ या काळात 'स्टार ट्रेक'च्या मालिकांतील परग्रहवासीयांचे शेकडो चेहरे त्याच्या देखरेखीखाली घडले. संगीतातल्या अर्थाने घराणे शोधावयाचे तर ते येथे सापडते: चेंबर्स आणि मायकेल. आडनाव निराळे, गायकी एक. पण २००८ साली हॉलिवुडच्या पदपथावर जो तारा बसविला गेला तो वेस्टमोर कुटुंबाच्या नावाचा.

हे सर्व परदेशातील म्हणून आपण दुरून पाहावे असे नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा धंदा बव्हंशी गुरुशिष्यपरंपरेने चालत आला. २०२० साली निवर्तलेले पंढरीनाथ जुकर हे बाबा वर्दम यांचे शिष्य. नटनट्यांच्या तीन पिढ्यांनी त्यांना 'पंढरीदादा' म्हटले. नाते नसता नात्याचा शब्द वापरणे ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे, आणि तीत जिव्हाळा आहे यात शंका नाही. रंगभूषा करणाऱ्यास 'मेकअपदादा' म्हणण्याची रीत चित्रीकरणस्थळी सर्रास आढळते. पण 'दादा' हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि तो तसा असणे हा येथे केवळ व्याकरणाचा भाग नव्हता. मुंबईतील रंगभूषाकारांच्या संघटनेच्या नियमांनुसार स्त्रियांना केशभूषाकार म्हणून ओळखपत्र मिळे, रंगभूषाकार म्हणून मिळत नसे. स्त्रिया आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, हे समर्थन. ज्या नटीच्या गालाला पुरुषाने रंग लावावा तिच्याच केसांना स्त्रीने हात लावावा, ही विभागणी कित्येक दशके चालली. 'चारू खुराणा विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ती बेकायदा ठरविली. महाराष्ट्रात पाच वर्षांचे वास्तव्य असले पाहिजे ही अटही त्याच निकालाने गेली.

मिलिसेंट पॅट्रिकच्या दौऱ्याला तेव्हा साठ वर्षे झाली होती. तिने काम केले आणि तिचे नाव नाकारले गेले. मुंबईतील स्त्रियांना नाव नाकारण्याची वेळच येऊ नये म्हणून कामच नाकारलेले होते. दुसरी व्यवस्था पहिलीहून अधिक निष्ठुर की केवळ अधिक सरळ, हे ठरविणे मला कठीण वाटते.

शब्दांच्या अंगाने पाहता मराठीची स्थिती वाईट नाही. 'मेकअपमन' या उसन्या शब्दात पुरुष बसलेलाच आहे. 'रंगभूषाकार' हा वेशभूषा, केशभूषा यांच्या जोडीने बनलेला शब्द व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी 'त्या रंगभूषाकार आहेत' हे वाक्य कानाला खटकत नाही. 'लेखक', 'शिक्षक' यांना जसे 'लेखिका', 'शिक्षिका' लागते तसे येथे काही लागत नाही. मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत आता 'रंगभूषा' आणि 'रंगभूषा साहाय्य' अशा दोन स्वतंत्र ओळी येतात, आणि दुसऱ्या ओळीत स्त्रियांची नावेही दिसू लागली आहेत. गेल्या सत्रात विद्यार्थ्यांना मी त्याच जुन्या पाट्या पुन्हा दिल्या, या वेळी दोन्ही ओळींसह. एका विद्यार्थिनीने पहिल्या ओळीचे वाक्य करताना 'केली' लिहिले, ते खोडले, 'करविली' लिहिले, तेही खोडले, आणि समासात विचारले की रंग कोणाच्या बोटांना लागला होता हे कळल्यावाचून क्रियापद कसे घालावे. तिला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले.